तपासणी कागदाची की जहाजाची?

२६ जुलै २००५ ही तारीख मुंबईकर विसरू शकत नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशी, शहर कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर पडण्याची धडपड करीत असताना, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात जे घडले, त्याची आठवण मात्र फार थोड्यांना आहे. मुंबई हाय तेलक्षेत्राच्या उत्तर भागातील 'ओएनजीसी'चा 'बीएचएन' हा प्लॅटफॉर्म त्या दुपारी पेटला आणि सुमारे दोन तासांत समुद्रात कोसळला. प्लॅटफॉर्म, त्याला लागून उभा असलेला खोदकामाचा रिग आणि मदतीचे जहाज असे मिळून त्या वेळी तेथे ३८४ माणसे होती. त्यांपैकी २२ जणांनी प्राण गमावले. शहरातच शेकडो मृत्यू झाले असताना समुद्रातील या दुर्घटनेला वृत्तपत्रांच्या पानांवर जागा तरी किती मिळणार?

या दुर्घटनेची सुरुवात स्वयंपाकघरात झाली. 'समुद्र सुरक्षा' या बहुउद्देशीय मदतजहाजावरील एका आचाऱ्याच्या बोटांना इजा झाली. पावसाने हेलिकॉप्टर उडू शकत नव्हते. तेव्हा जखमी माणसाला क्रेनच्या पाळण्यातून प्लॅटफॉर्मवर उतरवून तेथे उपचार करावेत, असे ठरले. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची क्रेन उपलब्ध नसल्याने जहाज वाऱ्याच्या तोंडाच्या बाजूने प्लॅटफॉर्मजवळ आले. म्हणजे लाटा जहाजाला प्लॅटफॉर्मवरच ढकलत होत्या. जहाजाला एका जागी धरून ठेवणाऱ्या प्रचालकांपैकी उजव्या बाजूच्या प्रचालकात बिघाड होता. जखमी माणूस सुखरूप वर पोहोचला. पण परतताना जहाज उसळले आणि त्याचा हेलिपॅडचा भाग प्लॅटफॉर्मच्या बाहेरच्या अंगाने खाली जाणाऱ्या वायुवाहिन्यांवर, म्हणजे 'रायझर'वर, आदळला. वायू गळू लागला, पेटला आणि पुढचे सारे आवाक्याबाहेर गेले.

या साखळीतील दुवे सुटे करून पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे समोर येते. रायझर प्लॅटफॉर्मच्या सांगाड्याच्या बाहेर, जहाजाच्या टप्प्यात होते. त्यांच्यापुढे बसवलेले रबरी संरक्षक लहान मालवाहू बोटींचा धक्का सोसण्यापुरते होते. 'समुद्र सुरक्षा'सारख्या मोठ्या जहाजाचा धक्का त्यांच्या हिशेबातच नव्हता. वायू रोखणाऱ्या आपत्कालीन झडपा होत्या, पण त्या वाहिनीच्या टोकाला. काही वाहिन्यांची लांबी बारा किलोमीटरपर्यंत होती. झडप बंद झाली तरी मधल्या नळीत साठलेला वायू जळतच राहणार, हे उघड होते. आठ लाइफबोटींपैकी दोनच पाण्यात उतरवता आल्या आणि दहा तराफ्यांपैकी एकच. जहाजावर दाबकक्षात बसलेले सहा पाणबुडे तसेच मागे राहिले. त्यांना ३६ तासांनी सोडवण्यात आले. 'समुद्र सुरक्षा'ला पुढे १ ऑगस्टला जलसमाधी मिळाली. आग, धूर, लाटा यांचा भाग दैवाचा म्हणता येईल. पण नादुरुस्त क्रेन, बिघडलेला प्रचालक, उघडे रायझर आणि अपुरे संरक्षक या चारही गोष्टी आदल्या दिवशी, आदल्या महिन्यात, बहुधा आदल्या वर्षीही तपासणाऱ्याच्या डोळ्यांना दिसण्यासारख्या होत्या. तपासणी म्हणजे नेमके काय तपासायचे, हा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

सागरी सुरक्षेचे बहुतेक नियम अपघातांच्या पोटी जन्माला आले आहेत. १५ एप्रिल १९१२ रोजी बुडालेल्या 'टायटॅनिक'वर वीस लाइफबोटी होत्या. त्यांत ११७८ माणसे मावली असती आणि जहाजावर २२०० हून अधिक माणसे होती. आश्चर्य असे की जहाजाने नियमाचा भंग केलेला नव्हता. ब्रिटिश व्यापार मंडळाचा तक्ता दहा हजार टन वा त्यावरील जहाजांसाठी सोळा लाइफबोटींवर थांबत होता. 'टायटॅनिक' ४६ हजार टनांहून मोठी होती. जहाजे वाढली, तक्ता वाढला नाही. तपासनीसाने कागद पाहिला असेल तर त्याला जहाज नियमात बसणारेच नव्हे, तर नियमापेक्षा चार बोटी जास्त बाळगणारे दिसले असेल. या दुर्घटनेनंतर १९१४ साली समुद्रावरील जीवितरक्षणाचा 'सोलास' हा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्याच सुधारित आवृत्तीवर जगातील जहाजवाहतूक चालते.

महाराष्ट्राची 'टायटॅनिक' म्हणजे 'रामदास'. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट मुंबई बंदरापासून काही मैलांवर उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. त्यामुळे बातमी शहराला कळायला काही तास गेले. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. त्या गदारोळात या शोकांतिकेची दखल जेमतेम घेतली गेली. कोकणातल्या कित्येक घरांत मात्र पुढच्या दोन पिढ्या 'रामदास' हे नाव श्रावणाच्या तोंडावर दबक्या आवाजात घेतले जात असे.

नियम झाले, की ते पाळले जातात की नाही हे पाहणारा कोणी हवा. जहाजाच्या बाबतीत हे काम तीन ठिकाणी विभागले आहे आणि घोटाळ्याचे मूळही बरेचसे या विभागणीत आहे. पहिली जबाबदारी ध्वजराष्ट्राची. जहाजाची नोंदणी ज्या देशात झाली, त्या देशाने ते तपासून प्रमाणपत्रे द्यायची. पण मालक एका देशाचा, खलाशी दुसऱ्या देशाचे, माल तिसऱ्या देशाचा आणि ध्वज चौथ्याचा, हा या धंद्याचा नित्यक्रम आहे. लायबेरिया, पनामा, मार्शल बेटे या नोंदणीच्या यादीतील अग्रेसर देशांची बंदरे त्यांचा ध्वज मिरवणाऱ्या बहुसंख्य जहाजांनी कधी पाहिलेलीही नसतात. साहजिकच असे देश तपासणीचे काम वर्गीकरण संस्थांकडे सोपवतात. जहाजाचा सांगाडा, यंत्रे, पोलाद यांची पाहणी करून जहाजाला 'क्लास' देणाऱ्या या संस्था दीडशे-दोनशे वर्षांच्या परंपरेच्या आहेत. भारताची स्वतःची 'इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग' १९७५ साली स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय मुंबईत पवईला आहे. त्यांच्या तांत्रिक ज्ञानाविषयी वाद नाही. अडचण एवढीच, की तपासणीची फी जहाजमालक भरतो. एका संस्थेने फार खळखळ केली तर मालक दुसरीकडे जाऊ शकतो. परीक्षकाचा पगार परीक्षार्थीच देत असेल, तर परीक्षक कितीही प्रामाणिक असला तरी व्यवस्थेवर शंका येणारच.

१९७८ च्या मार्चमध्ये लायबेरियाचा ध्वज असलेले 'अमोको कॅडिझ' हे तेलवाहू जहाज फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर फुटले आणि दोन लाख टनांहून अधिक तेल समुद्रात गेले. युरोपला उमगले, की ध्वजराष्ट्राच्या भरवशावर बसून चालणार नाही. आपल्या बंदरात येणारे जहाज आपणच तपासले पाहिजे. १९८२ साली पॅरिस करार झाला आणि 'पोर्ट स्टेट कंट्रोल' ही तिसरी चाळणी अस्तित्वात आली. पुढे टोकियो करार आला. १९९८ साली हिंदी महासागरातील देशांचा करार होऊन तो १ एप्रिल १९९९ पासून अमलात आला. या हिंदी महासागर कराराचे सचिवालय गोव्यात आहे, ही गोष्ट गोवेकरांनाही फारशी ठाऊक नसावी. त्याच गोव्याच्या कांदोळी किनाऱ्यावर जून २००० मध्ये रुतलेले 'रिव्हर प्रिन्सेस' हे जहाज हलवायला सुमारे बारा वर्षे लागली, हा योगायोग बोलका आहे.

पोर्ट स्टेट कंट्रोलचा अधिकारी जहाजावर चढतो तेव्हा काय घडते? आधी कागदपत्रे: नोंदणी, सुरक्षा, भाररेषा, प्रदूषण प्रतिबंध, खलाशांची पात्रता अशी प्रमाणपत्रांची जाडजूड फाईल. मग एक फेरी. ब्रिज, डेक, इंजिनरूम, राहण्याच्या खोल्या. कागद आणि फेरी यांत काही खटकले तरच सखोल तपासणी करायची, असा संकेत आहे. सापडलेल्या त्रुटींची नोंद होते. काही त्रुटी निघण्याआधी दुरुस्त कराव्या लागतात आणि गंभीर असतील तर जहाज बंदरातच रोखून ठेवले जाते. या रोखण्याला मालक भितात, कारण एकेका दिवसाच्या खोळंब्याचा हिशेब लाखांत जातो. शिवाय ही नोंद इतर बंदरांनाही दिसते. पॅरिस कराराने २०११ पासून जहाजांचे जोखमीनुसार वर्ग पाडले. जहाजाचे वय, ध्वज, क्लास, कंपनीचा पूर्वेतिहास यांवरून ते कितीदा तपासायचे हे ठरू लागले. चांगल्या जहाजांना कमी त्रास आणि वाईटांवर करडी नजर, ही त्यामागची कल्पना. २००० साली सुरू झालेल्या 'इक्वासिस' या विनामूल्य माहितीकोशात सर्वसामान्य माणसालाही एखाद्या जहाजाचा असा पूर्वेतिहास पाहता येतो.

एवढ्या चाळण्या असूनही १९९९ च्या डिसेंबरात चोवीस वर्षांचे 'एरिका' हे तेलवाहू जहाज पुन्हा ब्रिटनीच्याच समुद्रात दुभंगले. ते बेवारस नव्हते. त्याला क्लास होता, प्रमाणपत्रे होती, निरनिराळ्या बंदरांत त्याच्या तपासण्या झालेल्या होत्या. पण गंजलेले पोलाद टाक्यांच्या आत होते. टाकीत उतरून, दिवा लावून, हातोडीने ठोकून पाहिल्याशिवाय तेथली झीज कळत नाही. बंदरात काही तासांसाठी आलेल्या अधिकाऱ्याला भरल्या टाकीत उतरता येत नाही. तीन चाळण्या असल्या, की प्रत्येक जण उरलेल्या दोघांनी पाहिले असेल असे धरून चालतो. मुंबईने २०११ च्या पावसाळ्यात या निष्काळजीपणाची चुणूक पाहिली. जूनमध्ये 'एमव्ही विस्डम' जुहूच्या वाळूत येऊन बसले. ३१ जुलैला ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेले 'पवित' हे तेलवाहू जहाज निर्मनुष्य अवस्थेत अरबी समुद्र ओलांडून जुहूलाच येऊन लागले आणि ४ ऑगस्टला 'रॅक कॅरियर' सुमारे ६० हजार टन कोळशासह मुंबईनजीक बुडाले. जुहूच्या चौपाटीवर जहाज बघायला गर्दी लोटली, भेळवाल्यांचा धंदा झाला. २६/११ नंतर किनारा सुरक्षित झाल्याची ग्वाही देणाऱ्यांना मात्र तोंड लपवावे लागले.

जहाजाचे पोलाद तपासता येते. कंपनीची वृत्ती कशी तपासणार? ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून निघालेली 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही फेरीबोट पुढचे दार उघडे ठेवूनच निघाली आणि काही मिनिटांत आडवी झाली. १९३ माणसे गेली. दार बंद करण्याचे काम ज्याचे, तो खलाशी आपल्या खोलीत झोपला होता. एवढ्यावर चौकशी थांबली असती तर त्या खलाशाला शिक्षा होऊन प्रकरण मिटले असते. पण न्यायमूर्ती शीन यांच्या चौकशीने वरच्या मजल्यावर बोट ठेवले. दार उघडे आहे की बंद, हे कप्तानाला ब्रिजवरून दिसत नसे. त्यासाठी एक दिवा बसवावा, ही कप्तानांची मागणी कंपनीने थट्टेवारी नेली होती. ढिसाळपणा कंपनीच्या कार्यालयापासून डेकपर्यंत झिरपलेला होता, असा त्या अहवालाचा रोख होता. त्यातूनच आंतरराष्ट्रीय सुरक्षा व्यवस्थापन संहिता, म्हणजे 'आयएसएम कोड', आली. १९९८ पासून प्रवासी व तेलवाहू जहाजांना आणि २००२ पासून बहुतेक सर्व मालवाहू जहाजांना ती लागू झाली. प्रत्येक कंपनीने सुरक्षेची लेखी पद्धत तयार करायची, किनाऱ्यावर एक जबाबदार अधिकारी नेमायचा, त्याला थेट वरिष्ठांपर्यंत जाण्याची मुभा असायची आणि दरवर्षी अंतर्गत तपासणी करायची.

संहितेचा हेतू उत्तम होता. प्रत्यक्षात अनेक जहाजांवर तिचे रूपांतर फायलींच्या कपाटात झाले. चेकलिस्ट आली, चेकलिस्ट भरल्याची चेकलिस्ट आली. रात्रीची पाळी करून आलेला तिसरा अधिकारी लाइफबोटीच्या साप्ताहिक तपासणीचा कागद भरतो. बोट खाली उतरवून पाहायला मात्र ना वेळ असतो, ना माणसे. सर्वांत बोलके उदाहरण विश्रांतीच्या तासांचे. सागरी कामगार करारानुसार खलाशाला चोवीस तासांत किमान दहा आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. जगभरातील जहाजांच्या नोंदी पाहिल्या तर ती मिळतेही. पण स्वीडनमधील माल्मो येथील जागतिक सागरी विद्यापीठाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोंदी जुळवून घेण्याची रीतच या व्यवसायात कशी रुजली आहे, हे खलाशांच्याच तोंडून मांडले. जहाजावर माणसे कमी, बंदरातील वेळ कमी, कामे तेवढीच. खरे तास लिहिले तर पोर्ट स्टेट कंट्रोल त्रुटी दाखवणार, कंपनी जाब विचारणार आणि दोष येणार तो लिहिणाऱ्यावर. मग तो खोटे लिहितो. तपासणारालाही हे ठाऊक असते. भारतीय खलाशी आणि अधिकारी जगभरच्या जहाजांवर मोठ्या संख्येने आहेत. त्यांपैकी रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातील मुलांची घरे या पगारावर उभी आहेत. पुढचे कंत्राट मिळेल की नाही, या चिंतेत असलेल्या माणसाकडून सत्याची अपेक्षा करायची तर सत्य सांगण्याची किंमत त्याच्याकडून वसूल होता कामा नये.

समुद्रातील तेलविहिरींचा प्रकार आणखी गुंतागुंतीचा. तेथे जहाज, कारखाना आणि वसतिगृह एकाच लोखंडी चौथऱ्यावर असतात. ६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रातील 'पायपर अल्फा' प्लॅटफॉर्मवर दोन पंपांपैकी एकाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढलेली होती. कामाचे परमिट होते; परंतु ते रात्रपाळीच्या हाती पडले नाही. दुसरा पंप बंद पडताच रात्रपाळीने पहिला सुरू केला. वायू बाहेर पडला आणि स्फोट झाला. समुद्राचे पाणी खेचणारे अग्निशमन पंप स्वयंचलित न ठेवता हाताने चालवायच्या अवस्थेत ठेवले होते. पाण्याखाली काम करणारे पाणबुडे पंपात ओढले जाऊ नयेत, म्हणून ही काळजी घेतलेली. शेजारचे प्लॅटफॉर्म आग दिसत असूनही तेल आणि वायू पाठवत राहिले, कारण उत्पादन थांबवण्याचा निर्णय घ्यायला कोणी धजेना. १६७ माणसे मेली.

या घटनेतील एक तपशील तपासणीच्या विषयात कळीचा आहे. 'पायपर अल्फा'ची सरकारी तपासणी त्याच वर्षी जूनमध्ये, म्हणजे अपघाताच्या अवघे काही दिवस आधी झाली होती. परमिट पद्धतीतील ढिलाई तीत पकडली गेली नाही. १९९० साली आलेल्या लॉर्ड कलन यांच्या अहवालाने ही तपासणी वरवरची ठरवली, १०६ शिफारशी केल्या आणि दोन मूलभूत बदल घडवून आणले. पहिला असा, की तेलाच्या उत्पादनाची जबाबदारी असलेल्या ऊर्जा खात्याकडून सुरक्षेचे काम काढून ते कामगार सुरक्षेच्या स्वतंत्र यंत्रणेकडे द्यावे. उत्पादन वाढवणारा आणि उत्पादन थांबवण्याचा अधिकार असलेला एकच असू नये. दुसरा बदल तपासणीच्या तर्कातला. सरकारने नियमांची यादी द्यायची आणि कंपनीने त्यापुढे खुणा करायच्या, ही रीत सोडून कंपनीनेच 'सेफ्टी केस' मांडावी. आपल्या प्लॅटफॉर्मवर काय काय बिघडू शकते, ते बिघडले तर माणसे कशी वाचतील आणि हे आपण कशाच्या आधारे म्हणतो, हे कंपनीने पटवून द्यायचे. यादीत नसलेला धोका खूण करणाऱ्याला दिसत नाही. स्वतःच्या धोक्यांची मांडणी करायला बसलेल्याला निदान रायझर बाहेरच्या बाजूला आहेत, याची आठवण होण्याची शक्यता असते.

अमेरिकेने हा धडा आणखी बावीस वर्षांनी गिरवला. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन'वर स्फोट होऊन अकरा जण मेले. त्या दिवशी कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी रिगवर आले होते. कामाचे दिवस बुडवणारा एकही अपघात न होता सात वर्षे गेली, याचे कौतुक करणे हाही त्या भेटीचा एक भाग होता! पाय घसरणे, बोट चेंगरणे यांची मोजदाद उत्तम चालली होती. विहिरीतील दाबाच्या चाचणीचा अर्थ मात्र चुकीचा लावला गेला. तेथेही तेलाच्या उत्पन्नाचा हिस्सा गोळा करणारे आणि सुरक्षा पाहणारे सरकारी खाते एकच होते. ते अपघातानंतर विभागले गेले.

भारतात तेल उद्योग सुरक्षा संचालनालय, म्हणजे 'ओआयएसडी', १९८६ पासून आहे. समुद्रातील तेलकामांच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र वैधानिक नियम मात्र २००८ साली आले, बीएचएनच्या राखेवर तीन वर्षांनी. या नियमांनी ओआयएसडीला सक्षम प्राधिकारी नेमले आणि प्लॅटफॉर्म वा रिग चालवण्यापूर्वी त्याची संमती आवश्यक केली. पाऊल योग्यच होते. पण ओआयएसडी पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीत आणि समुद्रातील सर्वांत मोठी उत्पादक ओएनजीसीही त्याच मंत्रालयाच्या छत्राखाली. कलन यांनी ब्रिटनमध्ये जी गाठ सोडवली ती येथे तशीच राहिली. शिवाय प्लॅटफॉर्म एका खात्याकडे आणि त्याच्याभोवती वावरणारी जहाजे नौवहन महासंचालनालयाकडे. 'समुद्र सुरक्षा' आणि बीएचएन यांची टक्कर या दोन अधिकारक्षेत्रांच्या नेमक्या सीमेवर झाली होती.

ती सीमा किती धूसर आहे हे मे २०२१ मध्ये पुन्हा दिसले. 'तौक्ते' चक्रीवादळाची पूर्वसूचना हवामान खात्याने काही दिवस आधी दिली होती. तरीही 'पी-३०५' हा स्वतःचे इंजिन नसलेला, कामगारांच्या निवासाचा बार्ज २६१ माणसांसह हिरा तेलक्षेत्राजवळ समुद्रातच राहिला. बंदरात येण्याऐवजी प्लॅटफॉर्मपासून थोडे दूर सरकून नांगरावर वादळ काढण्याचा निर्णय झाला. नांगर तुटले, बार्ज एका निर्मनुष्य प्लॅटफॉर्मवर आदळला आणि १७ मे रोजी बुडाला. त्याच वादळात 'वरप्रदा' ही टगबोट बुडाली. दोन्हींवरच्या २७४ जणांपैकी ८६ जण मृत्युमुखी पडले. नौदलाने खवळलेल्या समुद्रातून १८८ जणांना काढले, ही त्या दिवसातील एकमेव दिलाशाची गोष्ट. हवा भरताच तराफे निकामी निघाले, असे वाचलेल्यांपैकी काहींनी सांगितले.

पोलिसांनी पहिला गुन्हा नोंदवला तो त्या वेळी बेपत्ता असलेल्या कप्तानावर. त्याचा निर्णय चुकला, यात शंका नाही. पण तेल कंपनी, तिचा कंत्राटदार, कंत्राटदाराने भाड्याने घेतलेला बार्ज, त्याचा मालक, त्यावर माणसे पुरवणारा दलाल अशी उतरंड असताना वादळाची सूचना आल्यावर 'काम थांबवा, परत या' हे सांगण्याचे अधिकार आणि त्या दिवसांचे भाडे सोसण्याची तयारी नेमकी कोणाची, हे कंत्राटात स्पष्ट लिहिलेले नसेल तर उतरंडीतला प्रत्येक जण वरच्याकडे पाहत राहतो. वादळ तेवढे थांबत नाही. कामगारांपैकी अनेक जण वेल्डर, फिटर, रंगारी. समुद्राशी त्यांचा संबंध पगारापुरता. त्यांतील कित्येकांना पोहता येत नसणार.

सुधारणा करायची तर कोठून? जगभरातील अनुभवी तपासनीस एक साधी गोष्ट करतात: कागद शेवटी पाहतात. आधी आपत्कालीन अग्निशमन पंप सुरू करायला सांगतात आणि नळीतून पाणी किती वेळात येते ते घड्याळावर पाहतात. लाइफबोटीचे इंजिन चालू करायला लावतात. तेही मुख्य अभियंत्याला नव्हे, तर समोर उभ्या असलेल्या कनिष्ठ खलाशाला. बंद टाकीत बेशुद्ध पडलेल्या माणसाला बाहेर कसे काढणार, याचा सराव करून दाखवायला सांगतात. वायू भरलेल्या टाकीत साथीदाराला वाचवायला धावत उतरलेले किती तरी खलाशी मेले, म्हणून २०१५ पासून हा सराव दर दोन महिन्यांनी सक्तीचा झाला आहे; कागदावर तो नियमित होतो आणि प्रत्यक्षात दोरी कोठे ठेवली आहे इथपासून शोधाशोध सुरू होते. तेल कंपन्यांनी १९९३ पासून तेलवाहू जहाजांच्या तपासणीसाठी चालवलेली 'सायर' पद्धत २०२४ साली बदलली, तीही याच दिशेने. नव्या पद्धतीत यंत्रसामग्री आणि कागदपत्रे यांच्या जोडीला प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाचा स्वतंत्र विचार होतो आणि प्रश्न जहाजागणिक बदलतात, म्हणजे पाठ केलेली उत्तरे कामी येत नाहीत. तेल कंपन्यांनी ही मेहनत घेतली, कारण गळतीचा खर्च त्यांच्याच खिशावर पडतो. खिशाचा संबंध नसलेल्या ठिकाणी असा उत्साह दिसत नाही, हे कटू असले तरी खरे आहे.

दुसरी गोष्ट थोडक्यात टळलेल्या अपघातांची. जहाज प्लॅटफॉर्मला घासून गेले पण काही झाले नाही, अशा घटनांची नोंद शिक्षेच्या भीतीविना होत असेल तर रायझरवरचे संरक्षक अपुरे आहेत हे आगीआधी कळते. विमानवाहतुकीने ही शिस्त कधीच अंगी बाणवली आहे. नौवहनात 'नियर मिस'च्या नोंदींचेही लक्ष्य ठरवून देणाऱ्या कंपन्या आहेत. महिन्याला दोन नोंदी हव्यातच, म्हटल्यावर 'जिन्यावर पाणी सांडले होते' अशा नोंदींनी वह्या भरतात आणि प्रचालकाची कुरकुर तशीच राहते.

तिसरा मुद्दा कायद्याचा. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याच्या जागी २०२५ साली संसदेने नवा कायदा संमत केला. त्याच वर्षी २५ मे रोजी लायबेरियाचा ध्वज असलेले, १९९७ साली बांधलेले 'एमएससी एल्सा-३' हे जहाज ६४० कंटेनरसह कोचीजवळ बुडाले. २४ खलाशी वाचले; पण प्लास्टिकचे बारीक दाणे केरळच्या किनाऱ्यावर पसरले आणि मासेमारांना बाजारात गिऱ्हाईक मिळेना. पंधरा वर्षांपूर्वी, ७ ऑगस्ट २०१० रोजी, मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' यांची टक्कर झाली, तेव्हा मुंबईच्या कोळीवाड्यांनी हेच अनुभवले होते.

आणि मोठ्या जहाजांच्या या चर्चेत लहान बोटी नजरेआड होता कामा नयेत. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या फेरीबोटीला इंजिनाची चाचणी घेणाऱ्या नौदलाच्या वेगवान बोटीने धडक दिली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. 'नीलकमल'ला ८४ प्रवासी आणि ६ खलाशी नेण्याचा परवाना होता. तिच्यावर शंभरहून अधिक माणसे होती. अपघातानंतर गेटवेवरील बोटींत प्रत्येकाला लाइफजॅकेट घालणे सक्तीचे झाले. त्याआधीही ती बोटीत होतीच, बाकांखाली किंवा छताला बांधलेली आणि तपासणीच्या कागदावर मोजलेली.